पुठ्ठ्यावर आखलेला गुंडू

गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरापर्यंत डांबरी रस्ता जात नाही. मुख्य रस्ता सोडला की साधारण ३०० मीटरचा जांभ्या दगडाचा आणि लाल मातीचा चढ लागतो. त्याच्या दोन्ही अंगांना गडगे, म्हणजे दगड रचून केलेली कुंपणे, आहेत आणि ज्येष्ठ सरता सरता त्या दगडावर शेवाळ धरू लागते. दोन वर्षांपूर्वी आषाढात याच चढावर आमची जुनी गाडी अर्ध्यावर अडकली. पुढची चाके जागच्या जागी गरगरू लागली, गाडी हळूहळू मागे घसरत गडग्याला टेकली आणि मागच्या सीटवर अंथरलेल्या पथारीवर झोपलेली आमची दोन कुत्री एकमेकांवर आदळत दाराशी जाऊन पडली.

गुंडू हा आमचा लॅब्राडोर आज ९ वर्षांचा आहे. त्याचे वजन ३४ किलो आहे आणि कमरेचे सांधे तेव्हापासूनच दुखरे आहेत. चिंगी ही १७ किलोची गावठी कुत्री. ती उडी मारून बाहेर पडली आणि पावसात उभी राहून आमच्याकडे पाहत राहिली. गुंडूला मात्र उठता येईना. मी आणि माझ्या नवऱ्याने त्याला चादरीच्या झोळीत घालून, पाय सरकू नये म्हणून एकेक दगड चाचपत वर नेले. त्या रात्री तो जेवला नाही. पडवीत त्याच्या कमरेवर हात ठेवून बसले असतानाच मी ठरवले की पुढची गाडी या दोघांना आणि या चढाला समोर ठेवूनच घ्यायची.

त्या चढावर नेमके काय बिघडले, हे आधी समजून घेणे मला आवश्यक वाटले. आमची जुनी गाडी पुढच्या चाकांवर चालणारी होती, आणि आपल्याकडच्या बहुतेक छोट्या-मध्यम गाड्या तशाच असतात. गाडी चढाला लागली की तिचा भार मागच्या चाकांकडे सरकतो, पुढची चाके हलकी होतात, आणि गाडी ओढण्याचे काम तर नेमके त्याच चाकांकडे असते. त्यात मागच्या सीटवर ५१ किलोची कुत्री, सासूबाई, आणि डिकीत महिनाभराचे सामान. मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या, पलीकडे ठेवलेले ओझे तर पुढची बाजू उलट किंचित उचलूनच धरते. म्हणजे कुत्र्यांसोबत प्रवास करणाऱ्याची गाडी ही बहुतेक वेळा मागून जड झालेली गाडी असते, आणि अशा गाडीत मागच्या चाकांनाही ताकद मिळणे ही चैन नव्हे, हे मला पटले.

चारही चाकांना ताकद देण्याच्या पद्धती मात्र एकसारख्या नाहीत. जिमनी, थार किंवा स्कॉर्पिओ-एन यांच्या फोर बाय फोरमध्ये चालकाने जोडल्यावरच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी बांधली जातात; मध्ये डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, नसल्यामुळे कोरड्या डांबरावर तशीच वळणे घेतली तर यंत्रणेवर ताण येतो. चिखलात, नदीपात्रात किंवा खऱ्या डोंगरवाटेवर या गाड्यांना तोड नाही, कारण त्यांच्याकडे वेग कमी करून जोर वाढवणारा लो-रेंज गिअरही असतो. पुण्याहून गावी जाण्याचा आमचा रस्ता मात्र उंब्रजवरून पाटण, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाट असा आहे. पावसाळ्यात तिथे एक वळण पाण्याने वाहत असते आणि पुढचे झाडीखाली जवळजवळ कोरडे असते. अशा ठिकाणी दर दोन मिनिटांनी जोडा-सोडा करत बसण्यापेक्षा गाडीने स्वतः ओळखून मागच्या चाकांना ताकद पाठवावी, म्हणजे ऑल-व्हील ड्राइव्ह असावी, हे मला जास्त हवे होते. आमच्या ३०० मीटरच्या चढाला लो-रेंज लागत नाही. मागची चाके वेळेवर कामाला लागली तरी पुरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ऑल-व्हील ड्राइव्हमुळे गाडी निघते आणि चढते, पण थांबते ती टायरच्याच भरवशावर. ओल्या घाटात उतरताना गुळगुळीत टायरची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी ही चांगल्या टायरच्या साध्या गाडीपेक्षा कमी सुरक्षित आहे. आपल्याकडे कायद्याने टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत चालते. मी ३ मिलिमीटरलाच टायर बदलते, आणि या यंत्रणेत चारही टायर सारखेच झिजलेले असावे लागतात, म्हणून एकाच वेळी चारही बदलते. हा खर्च गाडीच्या किमतीतच धरून ठेवावा.

आता कुत्र्यांच्या जागेविषयी, कारण माझा सर्वांत जास्त वेळ त्यातच गेला. डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगतात, पण गुंडू पाण्यासारखा कोपऱ्याकोपऱ्यांत मावत नाही. त्याला कुशीवर पाय पसरून झोपायला सपाट लांबी हवी, उठून बसल्यावर डोके छताला लागू नये इतकी उंची हवी, आणि जागच्या जागी वळता येईल इतकी रुंदी हवी. एका दुपारी तो गाढ झोपला असताना मी शेजारी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवला आणि खडूने त्याचा आकार आखून घेतला. नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत १०५ सेंटिमीटर भरले. तो आकार कापून, घडी घालून मी प्रत्येक शोरूममध्ये नेला आणि मागची सीट पाडून गाडीत पसरून पाहिला. कागदावर मोठी डिकी असलेल्या दोन गाड्यांत तो वाकला, कारण चाकांच्या कमानी आत आलेल्या होत्या किंवा पाडलेली सीट तिरपी राहत होती. कुत्र्यांसाठी गाडी पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हा पुठ्ठा आग्रहाने सुचवेन.

उंचीचा प्रश्न दुसरा. मोठ्या एसयूव्हीची डिकी कमरेइतक्या उंचीवर असते, आणि दुखऱ्या सांध्याच्या कुत्र्याला तिथे उडी मारू देणे म्हणजे दर प्रवासाला त्याचे दुखणे वाढवणे. चढण्यापेक्षाही उतरताना पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर जास्त आघात होतो. यावर फळी हा उपाय आहे. ७० सेंटिमीटर उंचीला १.८ मीटरची फळी लावली तर उतार २३ अंशांच्या आसपास येतो आणि म्हातारा कुत्राही तो धीराने चढतो, १.२ मीटरची लावली तर तो ३५ अंशांच्या वर जातो आणि कुत्रा पहिल्याच पावलाला मागे फिरतो. आम्ही मधे बिजागऱ्या असलेली १.८ मीटरची फळी करून घेतली आणि तिच्यावर काथ्याची चटई ठोकली, कारण ओल्या प्लायवूडवर नखे टिकत नाहीत.

सासूबाईंचे म्हणणे मला या टप्प्यावर फार उपयोगी पडले. त्या म्हणाल्या, "अगं, जी गाडी माझ्या गुडघ्यांना बरी, तीच गुंडूच्या कमरेला बरी." त्यानंतर प्रत्येक गाडीत आधी त्यांनी चढून-उतरून पाहिले. स्कॉर्पिओ-एन त्याच परीक्षेत मागे पडली. शिवाय तिची तिसरी रांग दुमडून उभी केली तरी बरीच जागा अडवते, आणि मागचे दार बाजूला उघडते. बाजूला उघडणाऱ्या दाराची अडचण जिमनी आणि थार रॉक्समध्येही आहे. अरुंद रस्त्याच्या कडेला मागे पुरेशी जागा सोडावी लागते, आणि कोकणच्या पावसात वर उघडणारे दार छपरासारखे डोक्यावर राहते ते सुख मिळत नाही. त्या छपराखाली उभे राहून दोन कुत्री कोरडी पुसून आत घेता येतात, ही गोष्ट जाहिरातीत कुठेच लिहिलेली नसते. जिमनी मला मनापासून आवडते. पण चारच माणसांची बैठक आणि २०८ लिटरची डिकी यांत पुठ्ठ्यावरचा गुंडू सीट पाडल्याशिवाय मावणे शक्य नव्हते, आणि सीट पाडली की सासूबाईंना जागा उरत नव्हती.

जुन्या बाजारातली डस्टर ऑल-व्हील ड्राइव्ह मी बरेच दिवस शोधली. २०१४ मध्ये आपल्याकडे आलेली ही गाडी आमच्या गरजेला अगदी नेमकी बसत होती, पण तिचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले आणि ऑल-व्हील ड्राइव्ह तर त्याच्याही आधी बंद झाली होती. चांगल्या अवस्थेतली मिळेना, आणि सुट्या भागांसाठी गावात खोळंबून राहण्याची तयारी नव्हती. आमच्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होणारी जीप कंपास अंदाजपत्रकाबाहेर गेली. जून २०२५ मध्ये आलेली, विजेवर चालणारी, दोन विद्युत मोटरींची हॅरिअर ईव्ही मोहात पाडणारी होती. परंतु गावी पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते, म्हणून तो विचार सोडला.

शेवटी मारुतीची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप, म्हणजे तिचा ऑल-व्हील ड्राइव्ह प्रकार, घेतली. टोयोटाची हायरायडर ही तिची जुळी बहीणच, दोन्ही कर्नाटकातल्या बिडदीच्या एकाच कारखान्यात तयार होतात. २०२२ मध्ये ही गाडी आली तेव्हा ऑल-व्हील ड्राइव्ह फक्त हाताच्या गिअरवर मिळत असे, २०२५ मध्ये ती ऑटोमॅटिकसह आली आणि आम्ही तीच घेतली. येथे खरेदीदाराने एका गोष्टीची काळजी घ्यावी. पेट्रोलसोबत बॅटरीवरही चालणाऱ्या, जास्त मायलेज देणाऱ्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी डिकीच्या तळाशी बसते, त्यामुळे जागा कमी होते, आणि त्या प्रकारात ऑल-व्हील ड्राइव्ह आपल्याकडे मिळत नाही. उणिवाही सांगते. १४६२ सीसीचे, सुमारे १०३ पीएसचे इंजिन भरलेल्या गाडीला घाटात धापा टाकत नेते, ओव्हरटेक करताना फार आधीपासून विचार करावा लागतो, आणि मायलेज साध्या प्रकारापेक्षा कमी मिळते. कुत्री मागे असताना मी तशीही सावकाश चालवते, त्यामुळे मला याचा त्रास होत नाही.

मागची सीट ६०:४० अशी विभागते. ६० चा भाग पाडून तिथून डिकीपर्यंत गुंडूची पथारी सलग अंथरली जाते, ४० च्या भागावर सासूबाई बसतात आणि चिंगी त्यांच्या पायाशी राहते. मागच्या बैठकीसाठी एसीचा वेगळा झरोका आहे, हे मी मुद्दाम पाहिले होते, कारण डिकीच्या टोकाशी झोपलेल्या कुत्र्यापर्यंत डॅशबोर्डची थंड हवा सहसा पोहोचत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरून आणि श्वासमार्गातून उष्णता बाहेर टाकतो, आणि कोकणच्या दमट हवेत तेही नीट होत नाही. बंद गाडीत ठेवलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तर पाच मिनिटांची सवलतही घेऊ नये. २००५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलेले आढळले. त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती, आणि काचा थोड्या उघड्या ठेवल्याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणून पाटणला चहासाठी थांबलो तरी आमच्यापैकी एक जण कुत्र्यांपाशीच असतो.

कुत्र्यांना गाडीत बांधण्याविषयी मी पूर्वी निष्काळजी होते आणि त्या आषाढातल्या घसरणीने मला ते दाखवून दिले. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर ३४ किलोचा गुंडू जवळपास ४८० किलोच्या ओझ्याइतक्या जोराने पुढे फेकला जाईल, आणि त्याच्या पुढ्यात आमच्या दोघांची डोकी असतील. आता दोघांनाही छातीवर रुंद पट्ट्यांचा हार्नेस असतो. चिंगीचा हार्नेस सीटबेल्टच्या खाचेत अडकतो, गुंडूसाठी पुढच्या सीटमागे लोखंडी जाळी घट्ट बसवली आहे. गळपट्ट्याला दोरी लावून गाडीत कुत्रा कधीही बांधू नये. झटका बसला तर सगळा जोर मानेवर येतो.

यंदाच्या आषाढात आम्ही त्याच चढाशी पुन्हा आलो. पाऊस तसाच होता, शेवाळही तसेच. मी खाली थांबून गाडीचे बटण निसरड्या रस्त्यासाठीच्या 'स्नो' मोडवर फिरवले, कारण त्या मोडमध्ये ॲक्सिलरेटर मवाळ होतो आणि चाके उगाच फिरत नाहीत. अर्ध्यावर, गडग्याला गाडी टेकली होती त्याच जागी, पुढचे चाक एकदा सटकले, आणि मागून कोणीतरी खांदा लावावा तसा हलका रेटा आल्याचे सीटमध्ये जाणवले. आरशात पाहिले तर गुंडूने मानही उचलली नव्हती. वर पोहोचल्यावर मागचे दार उघडले, त्याच्या आडोशाला फळी लावली, आणि तो अंगणात उतरून सरळ पडवीत त्याच्या जागेवर जाऊन बसला.

फळीवरच्या चटईचा एक कोपरा त्या फेरीत सुटला आहे. गणपतीला निघण्याआधी तो पुन्हा ठोकून घ्यायचा आहे, आणि डिकीच्या तळाला रबरी पत्रा टाकायचा आहे, म्हणजे पथारी घाटातल्या वळणांवर सरकणार नाही.