ह्याला गिऱ्हाईक कोण?

सकाळी सातच्या सुमारास क्रेनने डेन्मार्कमधल्या न्यूबोर्ग बंदराच्या धक्क्यावर एक नॅसेल अलगद टेकवलं. नॅसेल म्हणजे पवनचक्कीचं डोकं. गिअरबॉक्स, जनित्र, ब्रेक हे सगळं ज्याच्या पोटात असतं ती पेटी. पंचवीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली वस्तू, म्हणजे हात लावला की गंजाचे पापुद्रे निघतील अशी माझी तयारी होती. पापुद्रे नव्हते. पांढरा रंग मळलेला आणि एका अंगाला पक्ष्यांची शीट, एवढंच.

हा 2017 सालचा जून. डेन्मार्कच्या लोलँड बेटाजवळचं विंडेबी, म्हणजे जगातलं समुद्रात उभारलेलं पहिलं पवनऊर्जा केंद्र, उतरवण्याचं काम चालू होतं. 1991 साली तिथे 11 चक्क्या उभ्या राहिल्या, प्रत्येकी 450 किलोवॅटच्या. किनाऱ्यापासून दीड ते तीन किलोमीटरवर, उथळ पाण्यात, काँक्रीटच्या पायांवर. सगळ्यांची मिळून क्षमता पाच मेगावॅटलाही किंचित कमी. पंचवीस वर्षांत त्यांनी 243 गिगावॅट-तास वीज दिली. आज उत्तर समुद्रापासून चीनच्या किनाऱ्यापर्यंत जी हजारो पाती फिरतात, त्या सगळ्यांची ही आजी. म्हणून मला त्या कामावर जायचंच होतं, आणि एका छोट्या ठेकेदाराकडे काही महिन्यांचं काम मिळालं तेव्हा पगाराचा आकडा मी नीट वाचलाही नव्हता.

माझं काम हिशेबाचं. बार्जवरून जे उतरेल त्याचं वजन करायचं, त्यावर नंबर घालायचा आणि वहीतल्या चारपैकी एका रकान्यात बसवायचं: आहे तसं वापरायचं, वितळवायचं, जपून नष्ट करायचं, आणि चौथा, तुकडे करून भुगा. टॉवरचं पोलाद दुसऱ्या रकान्यात. तेल, ग्रीस, बॅटऱ्या तिसऱ्यात. ह्याच जातीच्या चक्क्या जमिनीवर अजून फिरत होत्या, त्यांना सुटे भाग लागत होते. म्हणून नॅसेलमधल्या बऱ्याच गोष्टी पहिल्या रकान्यात जायच्या. एक रकाना भरला की मला मनापासून बरं वाटायचं. हे रक्तातलंच असावं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, दारुखान्यात तीस वर्षं भंगाराच्या गाळ्यावर मुकादम होते. रे रोड स्टेशनच्या पलीकडे, जिथे जुनी जहाजं तोडली जातात, तिथे. घोडपदेवच्या खोलीत आमच्याकडे जेवायला जी जाड चिनी मातीची ताटं होती, ती कुठल्याशा मालवाहू जहाजाच्या खलाशांची होती. दार जहाजाचं होतं. खिडकीची पितळी कडीही.

नॅसेल उघडायला आठ वाजता सुरुवात झाली. त्या दिवशी लोलँडवरून एक पाहुणे आले होते. पूर्वी ह्याच चक्क्यांची देखभाल केलेले, आता निवृत्त झालेले तंत्रज्ञ. सत्तरीचे असतील. झाकण उचललं तेव्हा ते सगळ्यांच्या आधी वाकून आत बघत होते, आणि काही क्षण कोणीच त्यांना बाजूला व्हा म्हणालं नाही. आत कोरडं होतं. मिठाचा वारा शिरू नये म्हणून ह्या चक्क्यांची डोकी आणि टॉवर जवळजवळ हवाबंद ठेवले होते, आणि ती काळजी पंचवीस वर्षं टिकली होती. बोल्टांवर रंगाच्या रेघा होत्या. बोल्ट आवळला की त्यावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून एक रेघ ओढतात. पुढे रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट सैल झाला असं कळतं. बहुतेक रेघा अजून जुळलेल्या होत्या.

म्हातारबुवांनी एका रेघेवर अंगठा फिरवला. म्हणाले, "समुद्रात दर वेळी मोठी क्रेन बोलवता येत नाही. त्यामुळे आत चढलेल्या दोन माणसांना जे उघडता येणार नाही, ते आम्ही बसवूच दिलं नाही."

हे वाक्य मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. दुपारपर्यंत ते नॅसेल एका शिस्तीत सुटत गेलं. पाना लावला, बोल्ट सुटला. भाग उचलला, वजन केलं, नंबर घातला. ज्यांनी हे दुरुस्त करायला सोपं बनवलं, त्यांनी नकळत ते उतरवायलाही सोपं करून ठेवलं होतं.

मग पात्याची पाळी आली.

विंडेबीची पाती आजच्या मानाने लहान, जेमतेम सोळा-सतरा मीटर. त्याच वर्षी लिव्हरपूलच्या उपसागरात आठ मेगावॅटच्या चक्क्या सुरू झाल्या होत्या. त्यांचं एकेक पातं 80 मीटर, आणि त्यातली एकच चक्की विंडेबीच्या अकराही चक्क्यांना भारी. पण लहान असो की मोठं, पात्याची जात एकच. काचेच्या तंतूंचे थर, मध्ये जिथे जाडी हवी तिथे बाल्साचं हलकं लाकूड किंवा फोम, आणि ह्या सगळ्याला एकजीव करणारं रेझिन. हे रेझिन एकदा आळून आलं की परत सैल होत नाही. पोलाद गुळासारखं आहे, कितीदाही वितळवा, पुन्हा ढेप पाडा. पात्यातलं रेझिन उकडलेल्या अंड्यासारखं. तापवलं तर जळेल, पण पुन्हा पातळ होणार नाही. शिवाय कवचं आणि कणा जोडायला एकही बोल्ट नाही. दोन कवचं आणि मधला कणा, सगळं चिकटवलेलं.

विंडेबीच्या पात्यांची वाट आधीच ठरली होती. काही रिसो इथल्या डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठाकडे संशोधनासाठी, काही आवाज अडवणाऱ्या भिंतींच्या एका नव्या प्रयोगासाठी. आमच्यापुढचं पातं भुग्याच्या रकान्यातलं होतं. कुठे कापायचं ते मीच ठरवलं होतं. दर तीन मीटरवर एक खूण, कारण तेवढा तुकडा पेटीत बसतो. हिऱ्याच्या दातांचं करवतीचं पातं, वरून पाण्याची धार. पाणी नसेल तर काचेची बारीक कुसळं हवेत उडतात आणि श्वासात जातात. पाणी असूनही ती बाहीतून आत शिरतात, आणि रात्री अंघोळ करूनही मनगटं खाजत राहतात. आम्ही सगळे मुखवट्यात होतो. करवतीचा तो आवाज लोखंड कापताना येतो तसा नव्हता. कोरडा, किरकिरा, न थांबणारा. गॅसकटरने लोखंड कापताना ठिणग्या उडतात, लाल रेघ सरकत जाते, कापणाऱ्याला आपलं काम दिसतं. इथे फक्त करडा चिखल वाहत होता, आणि तो गाळून तिसऱ्या रकान्यात टाकायचा होता.

जेवणाच्या सुट्टीत आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारचे चार वाजले होते, ते नुकते झोपून उठले होते. विंडेबीचं मी त्यांना महिनाभर सांगत होते. फोन पात्याच्या कापलेल्या तोंडाजवळ धरला.

"जरा जवळ ने. मधे काय आहे ते?"

"लाकूड, आप्पा. बाल्सा."

"आणि बाहेरचं फायबर. लाइफबोटीसारखं." ते थोडा वेळ बघत राहिले. "ह्याला गिऱ्हाईक कोण?"

मी भिंतींचं सांगितलं. भुगा करून त्यात भरतात, रस्त्याचा आवाज पलीकडच्या घरांत जात नाही.

"भुगा," ते म्हणाले. रागावले नव्हते. दारुखान्यात भाव ऐकून घेतात तसे गप्प झाले, आणि मग विचारलं, "कुठे कापायचं ते कोण ठरवतं, बाय?"

"मीच. दर तीन मीटरवर."

"का तीन?"

"पेटी तेवढी आहे."

"मग ती पेटी कापते, तू नाही." आणि मग त्यांनी जे सांगितलं ते आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकत आले असेन, पण त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आलं. जहाज धक्क्याला लागलं की पहिल्या दिवशी कोणी कटर पेटवत नाही. आधी व्यापारी चढतात. दारवाला येतो, मोटरवाला येतो, पितळवाला येतो. प्रत्येकजण आपली वस्तू बोटाने दाखवतो. मग मुकादम खडू घेऊन खुणा करतो, की इथे कापू नका, इथून अख्खं काढा. "खडू आधी, कटर मागून. कापलं की भाव गेला. अख्खा जिना जिना म्हणून जातो, अर्धा जिना लोखंडाच्या भावाने. पंचवीस वर्षं वादळात टिकलेल्या वस्तूचा भुगा करायचा, म्हणजे त्याआधी कोणीतरी चढून बघायला नको?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. चूक माझी होती, आणि ती कोणीही मला चूक म्हणून दाखवली नसती, कारण वहीत सगळं बरोबर बसत होतं. पात्याचं बूड, म्हणजे जिथे ते चक्कीला जोडलेलं असतं तो भाग, जाडजूड गोल नळी असतो. मधला कणा लांब तुळईसारखा. टोक पातळ. ह्या तीन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मी त्यांना एकाच मापाने कापत होते. बुडाच्या नळीच्या मधोमध एक खूण पडली होती.

सुट्टीनंतर पर्यवेक्षकांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. करार झाला होता, भुगा नेणारी गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती, क्रेनचं भाडं तासावर चालू होतं. "बूड अख्खं ठेवलं तर ते घेणार कोण?" त्यांनीही तेच विचारलं, फक्त उलट्या बाजूने. त्या पात्याचे तुकडे माझ्या खुणांप्रमाणेच झाले. मी शेवटपर्यंत तिथे उभी होते. संध्याकाळी वहीत पाचवा रकाना आखला आणि तो बाकीच्या चारांच्या डावीकडे घातला: कापण्याआधी. त्यानंतर मी जिथे जिथे काम केलं, तिथे तो रकाना आहे.

विंडेबी सप्टेंबरपर्यंत पूर्ण उतरलं. काँक्रीटचे पाय तिथेच समुद्रात फोडून गोळा केले. एक चक्की बीरिंगब्रोच्या ऊर्जा संग्रहालयाकडे गेली.

गेल्या काही वर्षांत हा रकाना थोडाथोडा भरायला लागला आहे. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात मिडलटन ते यॉल ह्या जुन्या रेल्वेमार्गाच्या पायवाटेवर 2022 साली एक पूल बसवला, त्याच्या तुळया म्हणजे चक्कीची पाती. डेन्मार्कमध्ये ऑलबोर्गच्या बंदरात पात्याचा तुकडा सायकलींचं छप्पर झाला आहे. रॉटरडॅममध्ये तर विंडेबी उतरण्याच्या आधीच मुलांचं खेळायचं मैदान झालं होतं, बोगदे आणि घसरगुंड्या पात्यांच्या. हे सगळं मी फोटो काढून आप्पांना पाठवते. पण मनातल्या मनात मी आकडा मोजते, आणि आकडा जुळत नाही. 80 मीटरची तीन पाती एका चक्कीला, आणि एकेका केंद्रात शंभर-शंभर चक्क्या. इतके पूल कुठे बांधणार? चक्कीच्या वजनातला 85 ते 90 टक्के भाग आज परत वापरात येऊ शकतो, पोलाद, तांबं, ओतीव लोखंड. उरलेल्यात मुख्यतः पातीच. सिमेंटच्या भट्टीत ती जातात. रेझिन जळण होतं आणि काच वाळूच्या जागी लागते. जमिनीत पुरण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि मी त्याला नाक मुरडणार नाही. पण ते भट्टीच आहे.

मला खरी आशा दुसरीकडे वाटते. सीमेन्स गमेसा ह्या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीने 2021 साली एक पातं पुढे आणलं, ज्याचं रेझिन सौम्य आम्लाच्या द्रावणात सुटतं आणि तंतू, लाकूड, धातू वेगळे होतात. 2022 साली जर्मनीच्या समुद्रात, कास्कासी केंद्रात, अशी 81 मीटरची पाती पहिल्यांदा लागली. ही बातमी वाचली तेव्हा मला विंडेबीचे ते म्हातारे तंत्रज्ञ आठवले. आत चढलेल्याला उघडता येणार नाही ते बसवूच द्यायचं नाही. पात्याला तो नियम लागायला तीस वर्षं गेली. आपल्याकडे 2024 साली केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याजवळ मिळून एक गिगावॅट उभारण्यासाठी 7,453 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्या निविदांत पातं कसलं असावं, हे आत्ताच लिहिलं पाहिजे असं मला तळमळीने वाटतं. समुद्रात एकदा उभं राहिल्यावर खडू घेऊन चढायला उशीर झालेला असतो.

मागच्या डिसेंबरात घरी आले होते, तेव्हा आप्पांना साताऱ्याला घेऊन गेले. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार त्यांना बघायचं होतं. तिथल्या आणि पलीकडे वनकुसवड्याच्या कितीतरी चक्क्यांनी वयाची विशी कधीच ओलांडली आहे. एक मेगावॅटच्या आसपासच्या आणि त्याहून लहान, कमी उंचीच्या. जुन्या चक्क्या काढून तिथेच मोठ्या उभारण्याचं केंद्र सरकारचं धोरण 2016 साली आलं, 2023 साली सुधारून पुन्हा आलं. म्हणजे ही पाती उतरणार, आणि ती समुद्रातल्या पात्यांइतकीच चिवट आहेत.

रस्त्याकडेच्या गवतात एक काढून ठेवलेलं पातं पडलं होतं. आप्पा काठी टेकत त्याच्यापर्यंत गेले. बुडापाशी वाकून त्यांनी बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकलं आणि कान जवळ नेला. मग टोकाकडे चालत गेले, दर थोड्या अंतरावर ठोकत, आणि परत आले.

"टेप आणलीस का गाडीत?" त्यांनी विचारलं. "आण. आणि खडू मिळाला तर बघ."