फळी कोणी ठोकायची?

मागच्या उन्हाळ्यात एका रात्री अडीचच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघरातून एवढा मोठा आवाज आला, की शेजारच्या काकांनी गच्चीवरून बॅटरी मारली. मी स्वतः ड्रिल चालवून बसवलेली साडेतीन फुटांची फळी, दोन्ही लोखंडी ब्रॅकेट आणि स्टीलचे सहा डबे यांच्यासह ओट्यावर उताणी पडली होती. नुकत्याच वाळवून भरलेल्या कुरडया, शेवया आणि ज्वारीच्या बिबड्या पार दारापर्यंत पसरल्या होत्या. सासूबाई उठून आल्या, भिंतीतल्या एका भोकात त्यांनी करंगळी घालून पाहिली आणि म्हणाल्या, “बाई, ती भित मातीनी शे.”

आमचे घर अमळनेरला आहे. पुढच्या दोन खोल्या आजेसासऱ्यांच्या काळातल्या असून मागचे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पंधराएक वर्षांपूर्वी स्लॅब टाकून वाढवलेले आहे. नव्या स्वयंपाकघराच्या तीन भिंती राखेच्या विटांच्या आहेत. भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्राची राख हाताशी असल्यामुळे आमच्या भागात या विटा सर्रास वापरल्या जातात. चौथी भिंत मात्र जुन्या घराची मागची भिंत आहे. तिच्या विटा भाजलेल्या असल्या तरी सांधे मातीचे आहेत, आणि वाढीव काम करताना सगळीकडे सिमेंटचा एकसारखा गिलावा व रंग दिल्यामुळे वरून पाहणाऱ्याला चारही भिंती सारख्याच वाटतात. मला त्या तशाच वाटल्या.

वास्तविक भिंतीने मला आधीच सांगितले होते. ड्रिल आत जाऊ लागले की बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग पाहावा, हे आता मी कोणालाही पहिल्यांदा सांगते. सुरुवातीचा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर राखाडी भुकटी येते, ती गिलाव्याची. त्यानंतर लाल भुकटी आली तर आत भाजकी वीट आहे. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल जोर मागू लागले तर राखेची वीट किंवा काँक्रीट आहे. माझ्या चार भोकांपैकी तीन भोकांतून पिवळसर, मऊ, जवळजवळ पिठासारखी माती आली होती आणि बिट लोण्यात सुरी जावी तसे आत गेले होते. काम किती सोपे झाले, या आनंदात मी प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून स्क्रू आवळले. गिट्टी धरते ती आत फुगून भोवतालच्या कठीण भिंतीला दाब देते म्हणून. भोवती मातीच असेल, तर ती दाबली जाऊन मागे सरकते आणि भोकच मोठे होते.

दुसरी चूक हिशेबाची होती. फळीवर अंदाजे ३० किलो वजन होते आणि भिंत एवढे वजन सहज पेलेल असे मी धरून चालले होते, कारण सगळे वजन सरळ खाली जाते अशी माझी समजूत होती. परंतु फळी १२ इंच खोल असली, तर वजनाचा मध्य भिंतीपासून ६ इंच पुढे येतो आणि ब्रॅकेट आपल्या खालच्या टोकावर टेकून वरचे स्क्रू बाहेर ओढू लागतो. ब्रॅकेटची उभी पट्टी ८ इंचांची असेल, तर ३० किलोंमुळे वरच्या स्क्रूंवर बावीस-तेवीस किलोंची ओढ येते. तीच फळी १६ इंच खोल केली तर ही ओढ तिसांपर्यंत जाते. म्हणजे डबे दोन रांगांत मावावेत म्हणून आपण फळी रुंद करतो, तेव्हा भिंतीच्या दृष्टीने तो केवळ चार इंचांचा प्रश्न राहत नाही.

या प्रसंगानंतर घरात साहजिकच “मिस्तरीला बोलवायला काय झाले होते?” हा प्रश्न निघाला. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर “यापुढे सगळे मिस्तरीकडूनच” असे असावे हे मला तेव्हाही पटले नाही आणि आताही पटत नाही. कारण त्याच वर्षी मी मुलांच्या खोलीतले कपाट स्वतः जोडले होते आणि ते आजही उत्तम उभे आहे. ते ऑनलाइन मागवलेले, सपाट खोक्यातून सुट्या भागांत येणारे कपाट होते. सोबतच्या कागदावर दीड तास लिहिला होता, मला पाच तास लागले. त्यातला एक तास एक बाजू उलटी लावली म्हणून, आणि बराचसा वेळ खालच्या शहाबादी फरशीमुळे गेला. फरशी एका कोपऱ्यात बसलेली असल्यामुळे दोन्ही दारांची वरची टोके जुळत नव्हती. मी दारे काढून पुन्हा लावली, बिजागऱ्या बदलून पाहिल्या, आणि शेवटी लक्षात आले की दोष दारांचा नसून कपाट उभे असलेल्या जमिनीचा आहे. एका पायाखाली तीन मिलिमीटरची पट्टी सरकवली आणि बिजागरीवरचा पुढचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, तेव्हा दारे एका रेषेत आली. त्या खोक्यात एक लहानसा लोखंडी कोनही येतो. कपाटाचा माथा त्याने भिंतीला अडकवायचा असतो. बहुतेक लोक तो फेकून देतात. घरात खण उघडून त्यावर पाय देऊन चढणारे लेकरू असेल, तर संपूर्ण कपाटात याच्याइतका महत्त्वाचा दुसरा तुकडा नाही.

फळी का पडली आणि कपाट का टिकले, याचा विचार करताना मला माझ्यापुरती एक खूण सापडली. कपाटाचे सगळे वजन जमिनीवर होते. माझ्या चुकांची शिक्षा म्हणून फार तर दार वाकडे दिसले असते. फळीचे वजन भिंतीवर होते, आणि भिंतीच्या पोटात काय आहे हे मला ठाऊक नव्हते. तेव्हापासून एखादे काम स्वतः करायचे की माणूस बोलवायचा, हे मी पैशांवरून किंवा हौसेवरून ठरवत नाही. वजन कोठे टेकणार आहे आणि ती जागा मला कळते का, एवढे पाहते.

सुतार मिस्तरी आले तेव्हा मला वाटले होते, की ते अधिक जाड बिट आणि अधिक लांब स्क्रू काढतील. त्यांनी तसे काहीच केले नाही. आधी बोटाच्या पेराने भिंत ठिकठिकाणी वाजवून पाहिली. मग विचारले, “ताई, या बोर्डाची वायर वरून आली की खालून?” मी इतके दिवस त्या बोर्डापासून वीतभर अंतरावर, नेमके त्याच्या डोक्यावर भोक पाडायचा बेत करत होते. बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि बाजूने आडव्या रेषेत वायरचा पाइप असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, तसाच नळाच्या रेषेत पाण्याचा पाइप असतो. तेवढ्या पट्ट्यात ड्रिल लावायचेच नाही, हा त्यांचा नियम होता.

त्यानंतर त्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरले, एक टोक माझ्या हाती दिले आणि समोरासमोरच्या भिंतींवर समान उंचीच्या खुणा केल्या. कोनाड्याची रुंदी त्यांनी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजली. वरचे आणि खालचे माप यांत १८ मिलिमीटरचा फरक निघाला. “भिंत ओळंब्यात नाही, आणि कोपरा तर गुण्यात मुळीच नाही,” असे त्यांनी हसतच सांगितले; म्हणजे भिंत सरळ उभी नव्हती आणि कोपरा काटकोनात नव्हता. आमच्याकडची काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडेपर्यंत आकसते. तिच्यावर उभे असलेले जुने घर दरवर्षी थोडेसे हलतेच. मी मात्र सगळी मापे एकाच जागी, डोळ्यांच्या उंचीवर घेतली होती आणि त्या मापाने कापलेली फळी खाली अडकली असती.

भिंतीसाठी त्यांनी दोन उपाय सांगितले. एक तर बोल्ट आरपार घालून पलीकडच्या खोलीत लोखंडी पट्टीवर आवळायचे, म्हणजे ओढ मातीवर न येता संपूर्ण भिंतीच्या जाडीवर येईल; पण त्या पट्ट्या देवघराच्या वर दिसल्या असत्या. दुसरा उपाय म्हणजे भिंतीवर काही टांगायचेच नाही, तर फरशीपासून उभी मांडणी करायची आणि ती पुढे कलू नये एवढ्यापुरती वर दोन ठिकाणी धरायची. आम्ही दुसरा निवडला. मी जिथे भोक चांगले पाडण्याचा विचार करत होते, तिथे त्यांनी भोकाची गरजच काढून टाकली, आणि त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीचे मोल मला तेथे कळले.

खणांच्या बाबतीतही असेच झाले. सरकत्या चॅनेलला प्रत्येक बाजूला साधारण १३ मिलिमीटर जागा लागते, म्हणून खणाची पेटी आतल्या रुंदीपेक्षा २६ मिलिमीटर कमी करावी लागते. दोन मिलिमीटर जास्त कमी झाले तर खण खडखडतो, दोन कमी पडले तर अडकतो. बिजागरीच्या वाटीसाठी दारात ३५ मिलिमीटर व्यासाचे, अर्धा इंचापेक्षा थोडे कमी खोल भोक लागते, आणि १८ मिलिमीटरच्या फळीत ते जरा जास्त खोल गेले की बाहेरच्या सनमायकावर फोड दिसतो. ही कामे मी शिकू शकले असते, यात शंका नाही. पण शिकण्याची किंमत प्लायवूडच्या पत्र्यांत मोजावी लागली असती, आणि आठ बाय चारचा एक पत्राही आता स्वस्त राहिलेला नाही.

प्लायवूड मात्र मी स्वतः आणले. काम उक्ते दिले की मालाची निवडही समोरच्याच्या हाती जाते, आणि सनमायका चिकटल्यावर आत काय आहे हे सांगणारा कोणी राहत नाही. म्हणून मजुरी रोजाने ठरवली, दुकानात मिस्तरींना सोबत नेले, पण पावती माझ्या नावाने घेतली. सिंकखालच्या भागासाठी आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का असलेला मरीन प्लाय घेतला आणि कापण्यापूर्वी त्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवला. मिस्तरींना त्याचा राग आला नाही. आला असता तर मी दुसरे मिस्तरी पाहिले असते.

तज्ज्ञाला सगळेच कळते असेही नाही, आणि हे लिहिताना मला त्याआधीची एक जुनी चीड आठवते. ट्रॉल्या बसवण्यासाठी आम्ही एका मोठ्या दुकानाकडून नकाशा काढून घेतला होता. संगणकावरचे ते रंगीत चित्र फार देखणे होते. त्यात ओव्हनसाठी जागा होती, बाटल्यांसाठी सहा इंचांची उभी ट्रॉली होती, काटे-चमच्यांचे कप्पे होते. खापराला जागा नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी ज्या मातीच्या खापरावर होते, ते आमचे खापर एकवीस इंच व्यासाचे आहे आणि ते वर्षातून चारदा वापरले जात असले तरी उरलेले सगळे दिवस त्याला न फुटता कोठेतरी राहावे लागते. मी विचारले तेव्हा तेथील माणसाने “ते माळ्यावर टाका ना,” असे सांगितले. पंधरा किलो तेलाच्या रिकाम्या डब्यांत आम्ही गहू भरतो, एकेका डब्यात बारा-तेरा किलो मावतो; त्यांच्या उंचीचाही त्या नकाशात कोणी विचार केला नव्हता. (डब्यांवरून आठवले: १९४५ साली याच अमळनेरात वनस्पती तेलाची जी कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. सासूबाई अजूनही कोणत्याही चौकोनी पत्र्याच्या डब्याला वनस्पतीचाच डबा म्हणतात.)

भिंत मिस्तरींना कळते, पण भिंतीवर काय ठेवायचे हे त्यांना कळावे अशी अपेक्षा करणे चूक आहे. त्यामुळे मिस्तरी येण्याच्या आदल्या दिवशी मी घरातला एकूण एक डबा, परात, तवा आणि खापर मधल्या घरात जमिनीवर मांडले, जे रोज लागते ते एका बाजूला आणि सणावाराचे दुसऱ्या बाजूला केले, आणि प्रत्येकाची उंची-रुंदी वहीत लिहिली. मांडणीतले कप्पे त्या वहीवरून ठरले. चार फूट लांबीची अखंड फळी मला हवी होती, ती मात्र मिस्तरींनी मोडून काढली. फळीवर सारखे वजन पसरलेले असताना आधारांमधले अंतर दुप्पट केले तर वाक सोळा पटींनी वाढतो. म्हणून मध्ये उभी पट्टी आलीच. गव्हाचे डबे सर्वांत खालच्या कप्प्यात गेले आणि खापर त्यांच्यावर, कमरेच्या उंचीला, आडवे सरकवून ठेवण्याजोग्या रुंद कप्प्यात बसले.

राखेच्या विटांच्या भिंतींवर खुंट्या, मसाल्याचे छोटे रॅक, झाकणांची पट्टी, हे सगळे पुढे मीच बसवले. सहा मिलिमीटरचे बिट, जुळणारी गिट्टी, आणि भुकटीच्या रंगावर नजर, एवढ्यावर ती कामे होतात. त्यासाठी तीन मैल लांबून माणूस बोलवून त्याचा अर्धा दिवस मोडणे त्यालाही परवडत नाही, आणि म्हणून तो चार-चार दिवस येत नाही.

आता न्हाणीघराच्या वरचा माळा तेवढा राहिला आहे. तो डोक्यावर येणारा असल्यामुळे मी त्याला हात लावणार नाही. मिस्तरींनी आखाजीनंतरचा वार दिला आहे. त्याच्याखाली रोजच्या वापराची एक फळी यायची आहे. मागच्या वेळी मिस्तरींनी स्वतःच्या उंचीने खूण केली होती, आणि त्या फळीवरून साधा चहाचा डबा काढायलाही मला स्टूल घ्यावे लागते. म्हणून काल सासूबाईंना भिंतीला पाठ लावून नव्हे, तर समोर तोंड करून उभे केले, हात सहज जाईल तेवढाच वर न्यायला सांगितला आणि बोटांच्या टोकाशी पेन्सिलीने रेघ ओढली. रेघ पाच फूट सात इंचांवर आली आहे. तिच्या शेजारी मी ‘यापेक्षा वर नको’ असे ठळक लिहून ठेवले आहे.