हबकॅपच्या मापाचे चाक

माझ्याकडच्या १९५१ च्या शेवरोले ३१०० पिकअपचे चारही मूळ हबकॅप, म्हणजे चाकाचा मधला भाग झाकणारी धातूची टोपणे, शाबूत आहेत. त्यांपैकी एकाला पोचा आहे आणि दोघांवरचा मुलामा विटला आहे. तरीही बाजारात मिळणाऱ्या चकचकीत नकलांपेक्षा मला ते अधिक प्रिय आहेत. अडचण चाकांची होती. पुढच्या ड्रम ब्रेकच्या जागी मी डिस्क ब्रेक बसवले, तेव्हा जुन्या चाकात मधली पोलादी तबकडी आणि टायर बसतो ती रिम यांना जोडणाऱ्या रिव्हेटांची डोकी आतल्या बाजूने कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती चिमटीत धरणाऱ्या भागाला, घासू लागली. शिवाय त्याच रिव्हेटांच्या फटींतून हवा झिरपत असल्यामुळे ट्यूबशिवाय टायर वापरण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून नवी चाके शोधणे भाग पडले, आणि तिथेच माझी पहिली चूक झाली.

ती चूक अशी की मी चाक शोधताना नटांची भोके आणि रिमचा व्यास एवढेच पाहिले. या अर्धा टन माल वाहण्याच्या वर्गातल्या पिकअपला सहा नट असतात आणि त्यांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. सहा भोकांचे चाक मोजणे सोपे असते, कारण समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर हाच तो व्यास, आणि शेजारशेजारच्या दोन केंद्रांमधले अंतर त्याच्या नेमके निम्मे भरते. पाच भोकांच्या चाकात कोणतेही भोक दुसऱ्याच्या थेट समोर येत नाही, त्यामुळे शेजारच्या दोन केंद्रांमधले अंतर मोजून त्याला ०.५८८ ने भागावे लागते. हे सगळे मी काटेकोरपणे केले, नंतरच्या काळातल्या एका पिकअपची सहा भोकांची वापरलेली चाके विकत घेतली, ती स्टडवर (हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसते त्या भागातून, बाहेर आलेल्या बोल्टांवर) अगदी बेमालूम बसली, आणि हबकॅप मात्र हातातून सुटून थेट जमिनीवर पडला.

कारण हबकॅपचा रिमच्या व्यासाशी काहीही संबंध नसतो. संपूर्ण चाक झाकणारे मोठे कव्हर आपल्या दातांनी रिमची कड पकडते, पण जुन्या पिकअपचा लहान, बशीसारखा हबकॅप चाकाच्या मधल्या तबकडीलाच धरून राहतो. ही पकड दोन प्रकारची आढळते. काही चाकांच्या तबकडीवर स्प्रिंगच्या पोलादाच्या छोट्या क्लिपा रिव्हेटने बसवलेल्या असतात, तर काहींमध्ये तबकडीचा पत्राच दाबून त्याला उंचवटे काढलेले असतात. दोन्हींत तत्त्व एकच: हबकॅपची आत वळलेली कड या क्लिपांवरून किंवा उंचवट्यांवरून सरकते आणि त्यांच्या मागे अडकते. म्हणजे क्लिपांच्या टोकांतून जाणारे वर्तुळ त्या कडेच्या आतल्या व्यासापेक्षा किंचित मोठे असले पाहिजे. लहान असेल तर कॅप गळून पडतो, आणि फार मोठे असेल तर ठोकून बसवताना कड फाकते. माझ्या बाबतीत ते कित्येक मिलिमीटर लहान होते. त्याच कंपनीचे आहे, भोके सहाच आहेत, म्हणजे बसेलच, हे विकणाऱ्याचे म्हणणे मी तपासून न पाहता मान्य केले होते, तेव्हा दोष त्याला कसा द्यावा?

त्यानंतर मी कामाचा क्रम उलटा केला आणि आधी कॅप मोजला. व्हर्नियर मोजपट्टीने मागच्या कडेचा आतला व्यास निदान तीन दिशांनी घ्यावा, कारण सत्तर वर्षांत पान्ह्याने उचकटून उचकटून हे कॅप थोडे लंबगोल झालेले असतात. दुसरे माप खोलीचे. पुढच्या चाकाच्या मध्यभागी बेअरिंगवरचे ग्रीसचे टोपण तबकडीच्या बरेच बाहेर येते, आणि डिस्क ब्रेकच्या नव्या हबबरोबर आलेले टोपण जुन्यापेक्षा लांब असू शकते. मी त्या टोपणावर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा लावला, कॅप त्याच्या जागी दाबून धरला आणि काढल्यावर उरलेल्या मातीची जाडी पाहिली. ती जेमतेम चार मिलिमीटर होती, पण तेवढी पुरेशी आहे. नटांकडेही लक्ष द्यावे लागते. टोक बंद असलेले लांब, शोभेचे नट कॅपला आतून टेकतात, म्हणून मूळचे आखूड, उघड्या तोंडाचे नटच वापरावेत.

खास हबकॅपसाठी म्हणून विकली जाणारी नवी पोलादी चाकेही मी विचारात घेतली. त्यांतली काही चांगली असतात, परंतु माझ्या कॅपची मापे कळवल्यावर मला नेमके उत्तर मिळाले नाही आणि पुन्हा अंदाजाने खरेदी करण्याची माझी तयारी नव्हती. शेवटी मी मूळ चाकांचाच उपयोग केला. रिव्हेट काढून तबकड्या जुन्या रिमपासून वेगळ्या केल्या, भोकांभोवती तडे आहेत का ते रंगद्रव्याच्या चाचणीने तपासून घेतले, आणि चाके बनवणाऱ्या एका अनुभवी कारागिराकडून त्या तबकड्या नव्या सोळा इंची रिममध्ये वेल्ड करून घेतल्या. नव्या रिमला टायरची कड आत घसरू न देणारा उंचवटा असल्यामुळे रेडियल ट्यूबलेस टायर निर्धास्तपणे बसवता येतात. हे काम घरच्या घरी करण्यासारखे नाही, कारण तबकडी रिममध्ये किंचित जरी वाकडी बसली तरी चाक डोलते. माझ्या कारागिराने वेल्डिंगच्या आधी आणि नंतर डायल गेज (बारीकसा डोलही काट्यावर दाखवणारे मापक) लावून प्रत्येक चाक फिरवून पाहिले.

या मार्गाचा आणखी एक फायदा म्हणजे तबकडी रिममध्ये किती आत बसवायची हे आपल्या हाती राहते. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून रिमच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर वाढवले तर चाक आत सरकते आणि स्टिअरिंगच्या दांड्यांजवळ येते. कमी केले तर ते बाहेर येऊन मडगार्डला लागू शकते आणि बेअरिंगवरचा ताणही वाढतो. मी मूळ अंतर शक्य तितके राखले. रिव्हेटांची डोकीच नाहीशी झाल्यामुळे कॅलिपरला आता सगळीकडे पुरेशी जागा मिळाली आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र मला आवर घालावा लागला. पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाची पूड चढवून भट्टीत पक्क्या केलेल्या लेपाचा, थर जाड असतो. तो क्लिपांवर चढला तर कॅप बसत नाही, आणि नट टेकतात त्या उतारावर चढला तर थर दबून नट कालांतराने सैल पडतात. म्हणून त्या दोन्ही जागा झाकून ठेवायला सांगितल्या आणि साधा रंग पसंत केला. पहिल्या सुमारे ऐंशी किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळले, आणि त्यानंतरच कॅप चढवले.

कॅप चढवताना त्याची एक बाजू आधी दोन क्लिपांमागे अडकवावी आणि समोरची बाजू तळहाताने किंवा रबरी हातोड्याने, कडेजवळच, मध्यावर कधीही नव्हे, ठोकावी. तीन कॅप टक् असा आवाज करून पहिल्या प्रयत्नात बसले. पोचा असलेल्या चौथ्यासाठी एक क्लिप पक्कडीने केसभर बाहेर वाकवावी लागली, आणि तो मी मागच्या उजव्या चाकावर, पोच्याची बाजू खाली करून लावला आहे.