ब्रेनरच्या उतारावरची गल्ली

टूर मॅनेजर म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, तुझं आवडतं शहर कोणतं. माझं शहर नाहीये, रस्ता आहे. व्हेनिसहून ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला जाणारा, आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीतून. त्या रस्त्याने मी कितीतरी वेळा ग्रुप घेऊन गेलोय आणि दर वेळी सकाळी बसमध्ये चढताना मनातून खूश असतो. पण २०१८च्या जूनमधला एक दिवस असा गेला की त्यानंतर त्या रस्त्यावर माझी नजर डोंगरांच्या आधी डांबराकडे जाते.

ग्रुप ४३ जणांचा होता, बहुतेक रिटायर झालेली मंडळी. सकाळी सातला व्हेनिसलगतच्या मेस्त्रेमधल्या हॉटेलमधून निघालो. इतक्या लवकर हॉटेलचा ब्रेकफास्ट सुरू होत नाही म्हणून डबे बांधून मिळाले होते, थंड ब्रेड, चीज, एक सफरचंद, ज्यूस. आपल्या माणसांना हा डबा नकोसाच होतो, निम्मे डबे तसेच बॅगेत जातात. बसमध्ये मोजणी चालू असताना एका काकूंनी मला हळूच सांगितलं, "ह्यांनी काही खाल्लं नाही हो, गोळी मात्र घेतलीय साडेसहाला." काका मागून म्हणाले, "मला तो गार ब्रेड जात नाही, दुपारी इन्सब्रुकला वरणभात आहे ना, मग झालं." मी म्हटलं, "काकू, आज जेवण वेळेवर होईल, काळजी करू नका." हे वाक्य मला अजून टोचतं. गोळी कसली ते मी विचारलंच नाही.

व्हेरोनापर्यंत सगळं सपाट, शेतं, गोडाऊनं, ट्रक, बघण्यासारखं फारसं नाही, लोक झोपतात. व्हेरोनाला ए२२ मोटरवे लागतो आणि तो सरळ उत्तरेला निघतो, आदिजे नदीच्या सोबतीने. आधी डोंगर लांब असतात, मग हळूहळू दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात, खाली द्राक्षांचे मांडव आणि सफरचंदाच्या बागा अगदी रस्त्याच्या कडेपर्यंत, वर उभे कडे आणि कड्यावर मध्येच एखादा किल्ला. बोल्झानोच्या पुढे नदी बदलते, इझार्को येते, दरी एकदम चिंचोळी होते आणि रस्ता कधी खांबांवर, कधी बोगद्यात. हिरवा रंगही बदलतो. खालचा हिरवा बागांचा असतो, वरचा गवताचा, कापलेल्या कुरणाचा, इतका मऊ दिसतो की हात फिरवावासा वाटतो. त्याच्या वर देवदाराचं काळपट रान आणि त्याच्याही वर जूनमध्येसुद्धा बर्फाचे पांढरे ओघळ. गावांच्या पाट्या दोन भाषांत असतात, इटालियन आणि जर्मन, कारण पहिलं महायुद्ध संपेपर्यंत हा भाग ऑस्ट्रियाचा होता. मी माइकवर एवढं सांगतो आणि गप्प बसतो. तिथे बोलत राहणारा गाइड मला आवडत नाही.

लोकांची एकच तक्रार असते, फोटोला थांबवा ना जरा. मोटरवेवर थांबता येत नाही, आणि कोचच्या ड्रायव्हरचे तास तर कायद्याने बांधलेले असतात, साडेचार तास चालवलं की ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, सगळं टॅकोग्राफ नावाच्या बसमधल्या यंत्रात नोंदलं जातं. आम्ही ती ४५ मिनिटं ट्रेन्टोच्या जवळ घेतली, रस्त्यालगतच्या सर्व्हिस स्टेशनवर. काकांनी तिथे बिनसाखरेची कॉफी घेतली फक्त. मी स्वतः बघितलं आणि काही बोललो नाही.

ब्रेनर खिंड साधारण १३७० मीटरवर आहे, आल्प्स ओलांडायला ही सगळ्यात सोयीची वाट, म्हणून वर्षाला वीस लाखांहून जास्त ट्रक इथून जातात. सीमा म्हणजे एक निळी पाटी, एवढंच. ती ओलांडली की ऑस्ट्रियाचा ए१३ सुरू होतो आणि उतार लागतो, खाली झिल नदीची दरी, समोरच्या उतारावर लाकडी घरं आणि टोकदार मनोऱ्याची चर्चं. आमचा ड्रायव्हर ब्रेकवर पाय ठेवतच नव्हता, स्टिअरिंगजवळचा रिटार्डरचा दांडा एकेक खटका खाली ओढायचा आणि बस हुंकार दिल्यासारखा आवाज करत हळू व्हायची. मी त्याच्या शेजारच्या घडीच्या सीटवर बसतो त्यामुळे मला हे सगळं दिसतं. साडेबारा वाजले होते, पाऊण तासात जेवण, असा माझा हिशोब.

तेवढ्यात पुढच्या गाड्यांचे इंडिकेटर एकदम लुकलुकायला लागले. ड्रायव्हर म्हणाला, "श्टाउ." म्हणजे जाम. त्यानेही चारी इंडिकेटर लावले आणि बस उजवीकडे घ्यायला लागला, इतकी उजवीकडे की चाकं पांढरी रेघ ओलांडून कडेच्या पट्टीवर गेली. आमच्या पुढचा ट्रक, त्याच्या पुढचा ट्रक, सगळे तसेच. डाव्या लेनमधल्या गाड्या डाव्या रेलिंगला चिकटल्या. आणि बरोबर मधे, जिथून खरं तर दोन लेनमधली तुटक रेघ जाते, तिथे एक लांबच लांब पट्टा मोकळा राहिला, उतारावरून खाली वळणापर्यंत. एकही गाडी त्यात नाही.

मागून एक भाऊ उठून पुढे आले. म्हणाले, "अहो, मधे एवढी जागा आहे, आपला ड्रायव्हर काढत का नाही बस?" प्रश्न अगदी साधा होता आणि त्यांनी मनापासून विचारला होता. मी माइक घेतला. सांगितलं की ह्याला रेटुंग्सगासं म्हणतात, रेटुंग म्हणजे बचाव आणि गासं म्हणजे गल्ली. ऑस्ट्रियात २०१२पासून हा कायदा आहे. सायरन ऐकू आल्यावर नाही, गाड्या थांबायला लागल्या की लगेच, कुणी मागत नसताना ही जागा सोडायची, कारण एकदा सगळे बंपरला बंपर लावून उभे राहिले की मग इच्छा असली तरी कुणाला हलता येत नाही. डावी लेन डावीकडे, बाकी सगळे उजवीकडे. पाच मिनिटांत पोलिसांची गाडी आली, तिच्यामागे फायर ब्रिगेडचा मोठा ट्रक, आणि आमच्या खिडकीखालून वेग न मोडता निघून गेले. बसमध्ये लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. त्या क्षणी माझ्यासाठी तो एक चांगला किस्सा होता, एवढंच.

जाम हलेना. पाऊण तास होत आला. एक वाजून गेला असेल, तेव्हा काकूंचा आवाज आला, "अहो, अहो, इकडे बघा ना." त्या आवाजात काहीतरी वेगळं होतं, मी धावलो. काका खिडकीला डोकं टेकून बसले होते, शर्ट घामाने पूर्ण ओला, एसी चालू असताना. हाक मारली की नुसतं "हं" करायचे आणि डोळे पुन्हा मिटायचे. चष्मा खाली पडला होता. दोनतीन जण ज्यूसचे डबे उघडून पुढे आले, शुगर डाऊन झालीय, पाजा पाजा. तेवढ्यात ग्रुपमधल्या एक रिटायर्ड सिस्टर होत्या, त्या सीटांवरून वाट काढत आल्या आणि एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळे थिजले. "तोंडात काही ओतायचं नाही! गिळत नाहीयेत ते, फुफ्फुसात जाईल." आम्ही काकांना पॅसेजमध्ये कुशीवर झोपवलं. सिस्टरनी कुणाकडून तरी मधाची पुडी घेतली, ब्रेकफास्टच्या डब्यातली, आणि बोटाने थोडाथोडा मध गालाच्या आत हिरडीला चोळायला लागल्या. मला म्हणाल्या, "तू फोन लाव. आणि ह्यांची गोळी कुठली ती पट्टी माझ्या हातात दे."

ड्रायव्हरने १४४, म्हणजे तिथला ऍम्ब्युलन्सचा नंबर, लावलासुद्धा होता. पलीकडच्या बाईने पहिला प्रश्न विचारला, कुठे आहात. मी गडबडलो, मोटरवेवर, डोंगरात, काय सांगणार. ड्रायव्हरने बोट दाखवलं, कडेच्या रेलिंगजवळ छोटी पाटी होती, किलोमीटरचा आकडा. आकडा, दिशा इन्सब्रुककडे, वय ७१, डायबेटिस, श्वास चालू आहे, शुद्ध अर्धवट. एवढं पुरलं तिला. म्हणाली फोन ठेवू नका.

पुढची दहाबारा मिनिटं मी बसच्या पायरीवर उभा राहून मागे बघत होतो. समोर तीच दरी होती, तीच कुरणं, कुठेतरी गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या, आणि मला त्यातलं काही नको होतं. मी फक्त ती गल्ली बघत होतो. वर वळणापर्यंत मोकळी आहे ना? एका ठिकाणी एक पांढरी व्हॅन जरा तिरकी उभी होती, तिचं मागचं चाक मधे आलेलं. मी तिकडे पळणार एवढ्यात पुढच्या ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून तिच्याकडे चालत गेला, काच वाजवली, हाताने खूण केली, आणि व्हॅन इंच इंच करत सरळ झाली. त्या माणसाला आमच्या बसमध्ये काय चाललंय हे माहीत नव्हतं. त्याने आमच्याकडे बघितलंही नाही. परत गेला आणि केबिनमध्ये चढला.

मग सायरन ऐकू आला, आधी डोंगरावरून प्रतिध्वनी, मग खरा. ऍम्ब्युलन्स आणि तिच्या मागे डॉक्टरची वेगळी गाडी, तिथे डॉक्टर स्वतंत्र गाडीने येतो. दोन मिनिटांत बोटाला सुई टोचून शुगर बघितली, ३२. सिस्टरनी गोळीची पट्टी पुढे केली, डॉक्टरने नाव वाचून मान हलवली. शिरेत ग्लुकोज सुरू केलं. मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं हे, माणूस पाण्याखालून वर यावा तसे काका वर आले. आधी बोटं हलली, मग भुवया आक्रसल्या, मग डोळे उघडून स्वच्छ आवाजात म्हणाले, "माझा चष्मा कुठाय?" काकूंच्या मुठीतच होता तो, त्यांनी इतका घट्ट धरला होता की एक काडी वाकली होती.

मला वाटलं झालं, सुटलो. पण डॉक्टर म्हणाला हॉस्पिटलला न्यावं लागेल, ह्या प्रकारच्या गोळीचा असर बराच वेळ राहतो, शुगर परत खाली जाऊ शकते, रात्रभर लक्ष ठेवायला हवं. सोबत एकच माणूस. काकूंना इंग्रजी फारसं येत नव्हतं, आणि माझ्यामागे बसमध्ये ४१ माणसं. टूर मॅनेजरने ग्रुप सोडायचा नसतो हा नियम मला पाठ आहे, पण काकूंचा हात माझ्या बाहीवर होता तेव्हा तो नियम फार जड वाटला. शेवटी त्यांना पाठवलं, पासपोर्ट, इन्शुरन्सचा कागद, माझा नंबर एका पिशवीत घालून. म्हटलं, ग्रुपला हॉटेलवर सोडतो की तसाच येतो.

ऍम्ब्युलन्स गल्लीतून खाली गेली आणि वळणाआड झाली. आमचा जाम सुटायला अजून वीसेक मिनिटं लागली.

टोलनाका ओलांडला की लगेच युरोपाब्रुक येतो, युरोपचा पूल, १९६३ साली खुला झालेला, खालच्या दरीपासून १९० मीटर उंच. तिथे मी दर वेळी माइक घेतो, उजवीकडे बघा, डावीकडे बघा, खूप रंगवून सांगतो. त्या दिवशी बस पुलावर आली तरी मी मोबाइलमध्ये इन्शुरन्स कंपनीचा नंबर शोधत होतो. ड्रायव्हरने न बोलता माइक काढून माझ्या मांडीवर ठेवला. मग सांगितलं मी, आकडे तेवढे सांगितले, आवाज नीट लागत नव्हता.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा काका बसून सूप पीत होते, शुगर १६० होती. काकू खुर्चीतच झोपल्या होत्या. मी माफी मागितली, सकाळी विचारायला हवं होतं म्हणालो. काकांनी मला गप्प केलं. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं, नेमकं झालं काय, कारण त्यांना मधला एक तास आठवतच नव्हता. मी सगळं सांगितलं, गल्लीसकट. पोलीस, फायर ब्रिगेड, तो ट्रकवाला. ते म्हणाले, "सगळ्यांनी बघितली आणि ज्याच्यासाठी सोडली त्यानेच नाही बघितली होय."

त्या रात्रीपासून मी प्रत्येक ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी शुगरवाल्यांची यादी करतो, गोळीच्या नावासकट, आणि लवकर निघायच्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर खाल्ल्याशिवाय बस हलत नाही. काही लोक चिडतात. चिडू देत.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज मिळाला. बस घेऊन हॉस्पिटलला गेलो, काकांना पुढच्या सीटवर बसवलं, सगळ्यांनी त्यांच्या हातात काही ना काही खायला कोंबलं, चकली, लाडू, बिस्किटं. आम्ही इन नदीच्या काठाने पश्चिमेला निघालो, स्वित्झर्लंडच्या दिशेने. लांडेकच्या अलीकडे पुढच्या गाड्यांचे इंडिकेटर परत लुकलुकायला लागले, रस्त्याचं काहीतरी काम चालू असावं. ड्रायव्हरने बस उजवीकडे घेतली. मी काही बोलायच्या आत मागच्या सीटवरून कालचे तेच भाऊ ओरडले, "गल्ली झाली का बघा रे!" आणि अर्धी बस डाव्या खिडक्यांकडे वाकली.

काका सीटबेल्ट न सोडता जेवढं पुढे झुकता येईल तेवढं झुकले, वाकड्या काडीचा चष्मा एका हाताने धरून, आणि समोरच्या काचेतून बघत राहिले. गाड्या एकेक करून बाजूला होत होत्या.