पाण्यात उतरण्याआधी

माझा बाप्तिस्मा झाला एकेचाळिसाव्या वर्षी, तापीच्या पाण्यात. पश्चिम खानदेशात स्वीडिश मिशनऱ्यांचं काम सुरू होतं, त्या दिवसांपासून आमचं घर ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाहीत. कळत्या वयात स्वतःच्या तोंडानं साक्ष द्यायची, मग पाण्यात उतरायचं. माझं ते राहूनच गेलं. शिक्षण अर्धवट सुटलं, नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात तिथे, कामाला लागलो, पुढे मुकादम झालो. उपासनेला दर रविवारी जायचो, पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं, ताट आलं की बाप्तिस्मा नाही म्हणून शेजाऱ्याकडे सरकवायचो.

मग एवढ्या वर्षांनी का घेतला? मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची निवड जवळ आली होती, आणि बाप्तिस्मा नसलेल्याला उभं राहता येत नाही. मला देवाचं पाचारण आहे असं मला मनापासून वाटत होतं. हंगामात पथारीवर चाळीस-पन्नास बाया देठ खुडायला असतात. एवढी माणसं मी सांभाळतो, तर मंडळीचा कारभार का नाही सांभाळणार, असा माझा हिशेब होता.

पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बाप्तिस्म्याआधीचा आठ रविवारांचा वर्ग लावला. पहिले दोन-तीन पाठांतराचे होते, ते सोपे गेले. चौथ्या रविवारी त्यांनी विचारलं, "बाप्तिस्म्यानंतर तुला काय पाहिजे?" मी पंच व्हायचं बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. बायबलमधला मार्कचा दहावा अध्याय काढून मला मोठ्यानं वाचायला लावलं. याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे त्याच्या राज्यात जागा मागतात, एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे. येशू उलट विचारतो, जो बाप्तिस्मा मी घेणार आहे तो तुमच्यानं घेववेल का? हा उतारा लहानपणापासून कानावर होता. पण खुर्ची मागायला आलेल्यांना येशू बाप्तिस्म्याची आठवण देतो, आणि तिथे बाप्तिस्मा म्हणजे पुढ्यात उभा असलेला क्रूस, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी तर बाप्तिस्म्याची पायरी करून खुर्चीवर चढायला निघालो होतो.

त्याच वर्गात टिळकांचा विषय निघाला. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे वर्षानुवर्षं अहमदनगरला मिशनचं काम केलं. १९१७ मध्ये त्यांनी ती पगाराची नोकरी सोडून संन्यास पत्करला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. त्यात बाप्तिस्मा झालेल्यांना जागा होती आणि न झालेल्यांनाही. मी घरी गेलो तरी ते डोक्यातून जाईना. नाव झालं, मान मिळाला, आणि तेव्हा हा माणूस खाली उतरला.

वर्ग संपल्यावर वडील मंडळींसमोर, म्हणजे चर्चमधल्या जाणत्यांसमोर, साक्ष. मी तयारीनं गेलो होतो. पापक्षमा, तारण, पवित्र आत्मा, सगळी उत्तरं नीट दिली. मिशनच्या दवाखान्यात उभी हयात नर्स म्हणून काढलेल्या एक आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "भाऊ, तुझ्या हाताखालच्या बायांना तुझ्याबद्दल विचारलं तर काय सांगतील?"

मला बोलता येईना. मागच्या हंगामातली एक बाई डोळ्यांपुढे आली. लेकराला ताप होता म्हणून ती उशिरा आली. मी तिचा अर्धा रोज कापला. ती काही न बोलता ढिगाऱ्याजवळ जाऊन बसली आणि दिवसभर खोकत देठ खुडत राहिली. हे मी तिथे सगळं सांगितलं. वडील मंडळींनी आपसात विचार केला आणि मला महिनाभर थांबायला सांगितलं. त्या महिन्यात पंचांची निवड होऊन गेली. फार लागलं मला. आईला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "तुले काय व्हयनं रे भाऊ, देव कुठे पळी जाई ऱ्हायना का?"

दोन दिवसांनी त्या बाईकडे पैसे घेऊन गेलो. बायबलमधल्या जक्कय नावाच्या जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत द्यायचं कबूल केलं होतं, मीही तेवढेच नेले. तिनं दोनदा मोजले आणि पदराला बांधले. मी निघालो तेव्हा म्हणाली, "तुम्ही मला तेवीस नंबर म्हणता. हजेरीत माझं नाव लिहिलेलं आहे."

त्या रात्री मी मत्तयाचा तिसरा अध्याय पुन्हा वाचला. येशू पापी लोकांच्या रांगेत उभा राहून बाप्तिस्म्यासाठी यार्देन नदीत उतरतो. बाप्तिस्मा देणारा योहान (हा शिष्य योहान नव्हे) नको नको म्हणतो तरी येशू ऐकत नाही. मग आकाशवाणी होते, हा माझा परमप्रिय पुत्र. तोवर त्यानं एकही चमत्कार केलेला नाही, एकही प्रवचन दिलेलं नाही. आधी बापानं आपलं म्हटलं, काम नंतर. पुढच्याच अध्यायात सैतान त्याला जगातली सगळी राज्यं दाखवतो आणि तो नाही म्हणतो. राज्य हातात आलं तरच आपण कोणीतरी होऊ, ही भूक त्याला नव्हती. मला होती. माझ्या मुकादमीत ती रोज बाहेर पडत होती, नंबर होऊन.

जानेवारीतल्या एका रविवारी उजाडताच आम्ही नदीवर गेलो. पाणी इतकं गार की पोटऱ्या आखडल्या. पाळकसाहेबांनी माझं पूर्ण नाव घेतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं, आणि मला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. क्षणभर काठावरचं गाणं ऐकू येईनासं झालं. वर आलो तेव्हा आई टॉवेल धरून उभी होती आणि रडत होती. त्याच दिवशी प्रभुभोजनाचं ताट पहिल्यांदा माझ्यापाशी थांबलं.

सोमवारी सकाळी हजेरी घेतली ती नावानं. सेहेचाळीस नावं होती. आठ-दहा मी चुकीची उच्चारली, बायांनी दुरुस्त केली. अजूनही भरलेला ट्रक दाराशी अडकला की तोंडातून नंबर निसटतो, मग थांबून पुन्हा हाक मारावी लागते.

पंचांच्या पुढच्या निवडीला उभा राहशील का, असं पाळकसाहेबांनी परवा विचारलं. मी थोडा वेळ मागून घेतलाय.