वेग घेतला की तापणारी गाडी

ती 24 वर्षे जुनी पेट्रोल गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचे निदान आधीच ठरलेले होते: हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांमधले सील) गेले आहे, हेड उतरवावे लागेल. रेडिएटर आणि थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून गरम द्रव रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) नवे बसवूनही टेम्परेचरचा काटा लाल खुणेकडे जातच होता. इतक्या जुन्या इंजिनाचे हेड उतरवताना गंजलेला बोल्ट आत तुटला तर काम कुठल्या कुठे जाते, म्हणून खात्री पटल्याशिवाय हेडला पाना लावायचा नाही, असे मी ठरवले.

गाडी नेमकी केव्हा तापते, हे मी मालकांना विचारले. ते म्हणाले, "गर्दीत तासभर अडकलो तरी काही होत नाही. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतला की पंधरा-वीस मिनिटांत काटा चढतो आणि बाजूला उभी करून इंजिन चालू ठेवले की आपोआप उतरतो." माझ्या मते अर्धे निदान या उत्तरातच होते. उभी गाडी तापत असेल तर पहिला संशय पंख्यावर जातो, कारण तेव्हा रेडिएटरला हवा मिळते ती फक्त पंख्याची. पण वेगात वारा भरपूर असतानाही इंजिन तापत असेल, तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) पुरेसे फिरत नाही, अशी शंका आधी घ्यावी लागते.

तरीही गॅस्केटची शंका आधी फेडणे आवश्यक होते. ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये मिसळत असतील तर तपासणीचा निळा द्रव पिवळा पडतो. येथे तो शेवटपर्यंत निळाच राहिला. थर्मोस्टॅट काढून पाण्यात तापवला, तेव्हा तो त्याच्यावर छापलेल्या 82 अंशांच्या आसपास उघडू लागला. रेडिएटरच्या जाळीचे तापमान जागोजागी मोजले, पण कोठेही थंड पट्टा आढळला नाही, म्हणजे तो आतून तुंबलेला नव्हता.

मग मी बॉनेट उघडे ठेवून इंजिन पूर्ण गरम होऊ दिले, सहकाऱ्याला रेस 3000 आरपीएमवर धरायला सांगितले आणि बॅटरीचा झोत रेडिएटरकडून वॉटर पंपाकडे जाणाऱ्या खालच्या होज पाइपवर टाकला. काही क्षणांतच तो पाइप मधोमध चपटा होऊ लागला आणि पाहता पाहता त्याच्या दोन्ही भिंती एकमेकींना चिकटल्या. रेस सोडताच तो हळूहळू फुगून पुन्हा गोल झाला. मी हे तीनदा करून पाहिले आणि तिन्ही वेळा तसेच घडले. पंप जोराने ओढत होता, पण त्याला मिळणारी वाटच मिटत होती. गाडी उभी केली की काटा का उतरतो, याचेही उत्तर त्यातच होते.

केवळ पाइप बदलून मी थांबलो असतो तर काम अर्धवट राहिले असते. गरम कूलंटच्या दाबामुळे पाइप आतून फुगलेला राहतो. मग येथे तो चपटा का व्हावा? इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच रेडिएटरची कॅप काढली (गरम असताना ती उघडली तर उकळते कूलंट अंगावर उडते) आणि दाब देऊन तपासली. 0.9 बार दाब धरण्यासाठी बनवलेली ती कॅप 0.3 बारलाच सोडत होती. दिसायला ती स्वच्छ होती, त्यामुळे आधी कोणालाही तिची शंका आली नसावी. आतल्या रबराला मात्र सबंध घेरभर चीर गेली होती. 0.9 बार दाबाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. ती राखीव मर्यादा तर गेलीच होती, शिवाय पाइपला आतून सावरणारा दाबही उरला नव्हता.

पाइप काढून उभा चिरला. आत आधारासाठी असलेल्या स्प्रिंगचे गंजून तुकडे झाले होते. वर्षानुवर्षे कूलंटऐवजी नुसते पाणी भरल्याचा तो परिणाम असावा, असे मला वाटते. वरून ठिबकणाऱ्या ऑइलने रबर इतके मऊ पडले होते की अंगठ्याने दाबले तर खळगा तसाच राहत होता.

स्प्रिंग असलेला नवा पाइप आणि नवी कॅप बसवली, ऑइलची गळती बंद केली, कूलिंग सिस्टिम धुऊन योग्य प्रमाणात कूलंट भरले आणि अडकलेली हवा काढली. नंतर मालकांना शेजारी बसवून 40 मिनिटे चढाच्या रस्त्यावर गाडी चालवली. काटा मध्याच्या थोडा खाली स्थिर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर टाकीतली कूलंटची पातळी पाहिली, तेव्हा ती आदल्या दिवशी मी केलेल्या खुणेवरच होती.