21 ऑक्टोबर, साकेत ग्राउंड आणि त्या पोराचा प्रश्न

नोकरीत असताना हे लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी हातात नोटीस पडली असती, म्हणून आत्ता लिहितेय. 1988 ला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले, 2025 ला एएसआय (सहायक पोलीस उपनिरीक्षक) म्हणून रिटायर झाले, ठाण्यातच राहते, कळव्याला. शेवटची काही वर्षं मुख्यालयात होते आणि दरवर्षी 21 ऑक्टोबर जवळ आला की एक काम हमखास माझ्याकडे यायचं, शहिदांच्या नामावलीचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 21 ऑक्टोबर 1959 ला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्स नावाच्या जागी चिनी सैन्याने आपल्या गस्तीवरच्या पोलिसांवर गोळीबार केला, सीआरपीएफचे 10 जवान गेले. तेव्हा त्या सरहद्दीवर पोलीसच असायचे, हे आजही खूप जणांना सांगावं लागतं. त्यांच्या आठवणीसाठी दरवर्षी त्या तारखेला देशभर पोलीस स्मृतिदिन पाळतात. मागच्या 1 सप्टेंबरपासून या वर्षीच्या 31 ऑगस्टपर्यंत देशात जेवढे पोलीस ड्युटीवर शहीद झाले त्या सगळ्यांची नावं मैदानावर, ठाण्यात साकेत ग्राउंडवर, वाचली जातात, फक्त आपल्या जिल्ह्याची नाही, काश्मीर, छत्तीसगड, मणिपूर, बीएसएफ, सीआरपीएफ सगळ्यांची.

वाचायचं काम अधिकाऱ्यांचं. पण ती यादी नीट टाइप करून घेणं, अवघड नावांवर पेन्सिलने खुणा करणं, वाचणाऱ्या साहेबांना आदल्या दिवशी ऐकवणं आणि परेडला दुसरी प्रत घेऊन माईकजवळ उभं राहणं हे माझं. एकदा ईशान्येकडची काही नावं कशी म्हणायची तेच कळेना, तर तळोज्याच्या आरएएफमधल्या (सीआरपीएफचं दंगलविरोधी दल) ओळखीच्या एका जवानाला फोन लावून त्याच्याकडून तीनतीनदा म्हणून घेतली. माणूस देशासाठी गेलाय आणि आपण त्याचं नाव चुकीचं घ्यायचं, हे मला सहन व्हायचं नाही. 2019 ची यादी तर विसरूच शकत नाही, फेब्रुवारीत पुलवामाचे 40 आणि 1 मे ला, महाराष्ट्र दिनाला, गडचिरोलीत जांभूरखेड्याच्या स्फोटात गेलेले आपले 15. ती 15 नावं चालू असताना मैदानात उभ्या असलेल्या पोरांचे जबडे आवळलेले मी जवळून बघितलेत.

पण सांगायचंय ते 2024 च्या 21 ऑक्टोबरबद्दल.

तेव्हाचं वातावरण ठाण्यातल्यांना आठवत असेल. ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतलं लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराचं ते भयानक प्रकरण, तक्रार घ्यायला उशीर केला म्हणून पोलीस अधिकारी निलंबित, 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर, दगडफेक, आमचे लोक जखमी. शिव्या खात होतो आम्ही आणि त्यातल्या बऱ्याचशा खायलाच हव्या होत्या असं माझं मत आहे, लहान मुलीची आई पोलीस ठाण्यात येते आणि तिला ताटकळत बसवतात याला कसलंही उत्तर नाही. मग 23 सप्टेंबरला त्या केसमधला आरोपी तळोजा जेलमधून आणताना मुंब्रा बायपासला पोलीस गाडीतच गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळीबार केला, आमचा एक अधिकारी जखमी झाला, म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली असं पोलिसांचं म्हणणं. आणि एका रात्रीत सगळं फिरलं. महिन्यापूर्वी ज्यांनी दगड मारले त्याच भागात पेढे वाटले गेले. माझ्या बिल्डिंगमधल्या बायका मला लिफ्टमध्ये "अभिनंदन हं" म्हणाल्या, जसं काही मीच केलंय. दुसरीकडे कोर्टात आणि पेपरात प्रश्न चालू, की चार पोलिसांना एक माणूस आवरता आला नाही का. मला खरं सांगू, त्या दगडांपेक्षा त्या पेढ्यांची जास्त भीती वाटली. दगड मारणारा निदान आपल्याकडून कायद्याची अपेक्षा तरी ठेवतो.

तर अशा महिन्यात परेड. त्यात 15 तारखेला विधानसभेची निवडणूक जाहीर झालेली, नवरात्र, विसर्जन आत्ताच संपलेलं, बंदोबस्तावरून सरळ मैदानात आलेली पोरं, डोळे लाल. शोक शस्त्र (बंदुका उलट्या धरून मानवंदना) झालं, बिगुल झाला, नावं वाचून झाली, हवेत फैरी झाल्या. सगळं नीट पार पडलं. त्यानंतर चहाला मंडपात शहिदांच्या घरचे, काही शाळा-कॉलेजची मुलं, एनसीसीवाले आणि आम्ही.

तिथे एक कॉलेजचा मुलगा माझ्याजवळ आला, हातात माझीच यादीची प्रत बघून. म्हणाला, "मॅडम, एक विचारू? यातल्या लोकांचं नाव तुम्ही एवढ्या आदराने घेता, आणि मुंब्रा बायपासला झालं ते पण तुमच्याच लोकांनी केलं. मग आम्ही नक्की कशाला सॅल्युट करायचा?"

उद्धट नव्हता तो. खरंच विचारत होता.

मी काही बोलायच्या आत शेजारी उभा असलेला आमचा एक शिपाई भडकला, सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. "तुला काय माहितीये रे, तू उभा राहिलायस का चोवीस तास? रोज उठून कोणीही टीव्हीवर आम्हाला बोलणार, वकील त्यांची बाजू मांडतात, डॉक्टरांची संघटना आहे, एसटीवाल्यांची आहे, रिक्षावाल्यांची आहे, आमची बाजू कोण मांडतं सांग ना." मी त्याचा हात धरला, गप्प केलं. वर्दीत होता, आजूबाजूला मोबाईल होते. पण त्या क्षणी मला वाटलं की दोघंही खरं बोलतायत आणि दोघांचा प्रश्न एकच आहे.

मी भरती झाले तेव्हा आमच्या जुन्या हवालदारांकडून 1982 चं ऐकलेलं. मुंबईत पोलिसांची संघटना होती, मान्यता होती. पगार, घरं, ड्युटीचे तास, साहेबांच्या घरची कामं, हेच विषय. त्या वर्षी 15 ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, मग संघटनेची मान्यता गेली, पुढाऱ्यांना उचललं, शिपाई रस्त्यावर आले, जाळपोळ लुटालूट झाली, सैन्य बोलवावं लागलं, कितीतरी जण बडतर्फ झाले. शहराचं नुकसान झालं ते झालंच, मी त्याचं समर्थन करत नाही, पोलिसाने शहर वाऱ्यावर सोडायचं नसतं. पण त्यानंतर आमच्याकडे संघटना हा शब्द काढला तरी सीनियर लोक दार लावून घ्यायचे. त्यात 1966 चा केंद्राचा कायदा आहेच, परवानगीशिवाय पोलिसाने युनियनमध्ये जायचं नाही, पेपरला बोलायचं नाही, मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. संप करू नये हे मला पटतं. पण केरळमध्ये पोलिसांच्या मान्यताप्राप्त असोसिएशन आहेत, निवडणुका होतात, तिथे काही आभाळ कोसळलेलं नाही. आमच्याकडे काय, तर दरबार. साहेब समोर बसणार, शिपाई उभा राहून अडचण सांगणार, आणि त्याचा थेट वरिष्ठ त्याच हॉलमध्ये बसून कोण काय बोलतंय ते बघणार. मग कोण बोलतंय! क्वार्टरमध्ये पाणी गळतंय एवढंच बोलतात.

नोव्हेंबर 2019 ला दिल्लीत तीस हजारी कोर्टात वकिलांशी मारामारी झाल्यावर तिथले पोलीस स्वतःच्याच मुख्यालयासमोर घोषणा देत बसले होते, आठवतंय? सगळ्यांना नवल वाटलं. मला नाही वाटलं. ज्याला बोलायला खोलीच दिली नाही तो रस्त्यावरच बोलणार.

आणि माझं म्हणणं इथे आहे. लोकांना वाटतं पोलिसांची संघटना म्हणजे मारकुट्या पोलिसाला वाचवायची टोळी होईल. होऊ शकते, धोका आहे, म्हणून पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं बाहेरचं तक्रार प्राधिकरण पण तेवढंच ताकदवान पाहिजे. सुप्रीम कोर्टाने 2006 ला पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग केसमध्ये सांगितलं ते तेच होतं ना, आपल्याकडे राज्यपातळीवर ते आहे पण सामान्य माणसाला विचारा, पत्ता तरी माहितीये का. पण दुसरी बाजू बघा. पहिल्या दिवसापासून ज्याला शिकवलंय की वरच्याला उलट बोलायचं नाही, रजा नाकारली गप्प बस, सोळा तास झाले गप्प बस, तो माणूस एखाद्या खोलीत किंवा गाडीत चुकीचं काही होताना बघेल तेव्हा एकदम तोंड उघडेल असं आपण कशावरून समजतो? तो तेव्हापण गप्पच बसणार, तीच सवय आहे त्याला. चुकीचा हुकूम मी पाळणार नाही हे लेखी द्यायला पाठीशी कोणीतरी लागतं.

हे सगळं मला त्या मंडपात बोलता नाही आलं. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं की बाळा, बायपासला काय झालं ते कोर्ट ठरवेल, आणि जर चुकीचं झालं असेल तर ते या यादीतल्या लोकांच्या विरोधात झालंय. पुढे जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीचा अहवाल हायकोर्टात आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलं होतं, एप्रिलमध्ये हायकोर्टाने एसआयटी (विशेष तपास पथक) नेमायला सांगितली. तो पोरगा भेटला असता तर अजून बोलले असते त्याच्याशी.

आमचं बोलणं चालू असताना एक वहिनी बाजूला खुर्चीत बसल्या होत्या. त्यांचे मिस्टर माझ्याबरोबर होते, पोलीस ठाण्याचं नाव लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी सलग बंदोबस्त करून घरी आले, छातीत दुखलं, रिक्षात घालून नेईपर्यंत गेले. गोळी लागली नाही, कोणी हल्ला केला नाही, त्यामुळे ते शहीद नाहीत, नामावलीत त्यांचं नाव कधीच आलं नाही. तरी वहिनी परेडला येतात, कोणी पास दिला नाही तर आमच्यापैकी कोणीतरी आत घेतं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या शिपायाला जवळ बोलवून म्हणाल्या, "दादा, तू त्या पोरावर का ओरडलास? त्याने नीट विचारलं. आमच्या ह्यांनी कधी कोणावर हात उचलला नाही, बाजारात अजून लोक मला हवालदारीणबाई म्हणून खुर्ची देतात. ते तुझ्यासारख्यांमुळे जाईल." शिपाई खाली मान घालून उभा. मग वहिनींनीच त्याला विचारलं, झोपलास कधी शेवटचा. तो म्हणाला परवा.

2016 ला मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची ड्युटी सुरू केली होती, कल्पना एका शिपायाचीच, तेव्हाचे मुंबईचे कमिशनर पडसलगीकर साहेबांनी उचलून धरली म्हणून झालं. मनुष्यबळ कमी हे कारण मी नोकरीभर ऐकलं, पण बसून गणित मांडलं तर जमतं हे तिथे दिसलं. शिपायाचं ऐकलं की काय होतं त्याचं माझ्याकडे हे एकच मोठं उदाहरण आहे, ते मी सगळ्यांना सांगत असते.

आता रिटायर आहे, 1966 चा तो कायदा मला लागू नाही. आम्ही काही निवृत्त महिला आणि पुरुष कर्मचाऱ्यांनी मिळून एक अर्ज तयार केलाय. पहिली मागणी, बंदोबस्ताच्या ताणाने, हार्ट अटॅकने, ड्युटीवर येता-जाता अपघाताने जे गेले त्यांची आयुक्तालयाची वेगळी यादी करावी आणि 21 ऑक्टोबरला मुख्य नामावलीनंतर तीही वाचावी, शहिदांच्या बरोबरीने नको, पण वाचावी. दुसरी, दरबारात शिपायांनी गुप्त मतदानाने निवडलेले प्रतिनिधी असावेत, त्यातली एक तरी बाई. तिसरी, प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दर्शनी भागात तक्रार प्राधिकरणाचा पत्ता आणि फोन मोठ्या अक्षरात लावावा. तिसऱ्या मागणीवरून आमच्यातच दोन जण भांडून उठून गेले, म्हणे आपल्याच लोकांविरुद्ध पाटी कशाला. बाकीच्यांनी सह्या केल्या, वहिनींनी पण केली. ठाण्यातले निवृत्त सहकारी हे वाचत असतील तर सही करायला या, अर्ज अजून माझ्याकडेच आहे, पुढच्या आठवड्यात देणार आहोत.